क्रुसाची खूण कुणी शिकवली

जून उजाडला की कॅम्पातल्या त्या कॉन्व्हेंटमध्ये पहिलीच्या पोरांना अभ्यासाआधी बाकीच्याच गोष्टी शिकवतात. उंचीप्रमाणे रांगेत उभं राहायचं, सिस्टर वर्गात आल्या की 'गुड मॉर्निंग' लांबवत लांबवत म्हणायचं, आणि डबा उघडण्याआधी डोळे मिटून प्रार्थना करायची. ही शेवटची गोष्ट मुलं घरी घेऊन जातात. मग नारायण पेठेतल्या एखाद्या घरात नातू वरणभातापुढे डोळे मिटून कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावतो आणि आजोबा म्हणतात, "झालं का? वरण गार होतंय." पुण्यात सर्वधर्मसमभावाची यापेक्षा जास्त अपेक्षा कुणी ठेवू नये.

कॅथलिक मुलांचा मात्र धर्मशिक्षणाचा वेगळा तास असतो. तो सिस्टर लिडविना घेतात. मूळच्या मंगळूरच्या, पण पुण्यात इतकी वर्षं काढल्यामुळे मराठी बोलायला न लाजणाऱ्या. त्यांची दरवर्षीची एक पद्धत होती. पहिल्याच दिवशी त्या मुलांना विचारत, "तुला क्रुसाची खूण कुणी शिकवली?" आणि पुढच्या शुक्रवारी त्या माणसाला शाळेच्या चॅपेलमध्ये बोलावत. त्या माणसानं पुढे यायचं, मुलाच्या कपाळावर अंगठ्यानं क्रूस काढायचा, की वर्ष सुरू झालं.

पहिलीतल्या रोझलिननं ही बातमी संध्याकाळी घरी सांगितली तेव्हा तिची आजी सोजरबाई मेथी निवडत होती आणि आई उल्का हिंजवडीहून कंपनीच्या बसमधून उतरून नुकतीच सोफ्यावर टेकली होती.

"आजी, तुला बोलावलंय!" रोझलिन ओरडली.

सोजरबाईंनी मेथीची काडी तशीच हातात धरली. "मला? सिस्टरनी?"

"तूच शिकवलंस ना मला!"

यात खोटं काहीच नव्हतं. उल्का सकाळी वडगाव शेरीच्या घरातून निघायची ती दिवे लागल्यावर यायची. नवरा संपत चाकणच्या कारखान्यात पाळीवर. पोरीला न्हाऊ घालणं, भरवणं, झोपवणं, सगळं सोजरबाईंकडे. तेल लावता लावता त्या पोरीचा उजवा हात धरायच्या आणि कपाळावरून छातीवर, एका खांद्यावरून दुसऱ्यावर न्यायच्या. "पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावानं, आमेन. आता दुसरा पाय इकडं कर." प्रार्थना आणि तेल एकाच दमात. उल्कालाही त्यांनी असंच शिकवलं होतं, राहात्याकडच्या गावात, दारातल्या दगडावर बसवून.

सोजरबाई हात धुऊन उठल्या आणि त्यांनी ट्रंकेतून पांढरं, बारीक काठाचं लुगडं काढलं. ते त्या ईस्टरला नेसत, नाहीतर कुणाच्या लग्नाला. दिव्याखाली नेऊन त्यांनी ते उजेडात धरून पाहिलं, कुठे विरलंय का. उल्का सोफ्यावरून ते बघत होती.

उल्काला आईची लाज वाटत होती. आडपडदा न ठेवता सांगायचं तर एवढंच. कपाळावरचं गोंदण, नऊवारी लुगडं, चर्चच्या दारात चपला काढून आत जाणं, रविवारच्या इंग्रजी मिस्सेत, म्हणजे उपासनेत, सगळे इंग्रजीत उत्तरं देत असताना ठणठणीत आवाजात आपली मराठीच म्हणणं. लहानपणी तिला यातलं काही खटकलं नव्हतं, कारण गावात सगळेच तसे. पण इथल्या पॅरिशमध्ये, चर्चच्या मंडळीत, उल्कानं मोठ्या कष्टानं एक जागा मिळवली होती. ती मिस्सेत बायबलचं वाचन करायची, तिचे इंग्रजी उच्चार ऐकून लोक विचारायचे, "तुम्ही मूळच्या गोव्याच्या का?" आणि ती हसायची. नाही म्हणायची नाही.

प्रवेशाच्या दिवशी तर कहर झाला होता. सोजरबाई शाळेच्या ऑफिसात सिस्टरांच्या पाया पडायला वाकल्या. नंतर बाहेर एका आईनं कौतुकानं विचारलं, "या बाई तुमच्याकडे दिवसभर असतात? लकी आहात. आजकाल विश्वासाची बाई मिळत नाही." उल्का म्हणाली, "हो ना." उल्काची आई दोन पावलांवर उभी होती, रोझलिनची बाटली हातात धरून. तिनं ऐकलं की नाही, हे विचारायचं धाडस उल्काला अजून झालेलं नव्हतं.

आता चॅपेलमध्ये, सगळ्या पालकांसमोर, आई अनवाणी पुढे येणार. सिस्टर ओळख करून देणार, ही रोझलिनची आजी. आणि 'विश्वासाची बाई' म्हणणारी ती दुसरी आईही तिथे असणारच. झाकली मूठ आता उघडणार होती.

बुधवारी संध्याकाळी उल्कानं ती मूठ पुन्हा आवळली.

"आई, शाळेतून मेसेज आलाय," ती फोनकडे बघत म्हणाली. फोनवर बँकेची जाहिरात होती. "शुक्रवारी फक्त आईवडिलांना बोलावलंय. जागा कमी आहे."

सोजरबाई लुगड्याला इस्त्री करवून आल्या होत्या. त्यांनी हातावरची घडी नीट केली. मग म्हणाल्या, "आसंल. शहरातली चर्चं मोठी आन् चॅपेलं बारकी." आणि लुगडं घडी न मोडता ट्रंकेत ठेवून आल्या.

पोरीचं काम जास्त अवघड होतं. उल्कानं तिला बेडरूममध्ये नेलं. "सिस्टरनी विचारलं तर म्हणायचं, माय मम्मी टॉट मी."

"पण आजीनं शिकवलं ना?"

"आजीला कुणी शिकवायला सांगितलं? मी. म्हणजे मीच शिकवलं."

सहा वर्षांच्या पोरीला हा युक्तिवाद पटला नाही. पण मम्मी सुट्टी काढून शाळेत येणार, हे तिला फार आवडलं. दोघींनी तालीम केली. हू टॉट यू? माय मम्मी टॉट मी. पुन्हा. अजून स्पष्ट. खूण करतानाही इंग्रजीतूनच, इन द नेम ऑफ द फादर. दार उघडंच राहिलं होतं. स्वयंपाकघरात भाकरी थापण्याचा आवाज मध्येच थांबला, मग पुन्हा सुरू झाला. सोजरबाईंना इंग्रजी येत नव्हतं, पण मम्मी हा शब्द कळायला इंग्रजी लागत नाही.

शुक्रवारी उल्का क्रीम रंगाची कुर्ती घालून चॅपेलमध्ये बसली. कुणाचे आईवडील आले होते, कुणाचे आजोबा काठी टेकत. एका मुलीसोबत तिची आई आणि शेजारी एक सावळी, लाजरी तरुणी होती. पाळी आली तशी ती छोटी मुलगी म्हणाली, "सुशीलादीदी टॉट मी." सुशीला त्यांच्या घरी काम करणारी, झारखंडहून आलेली. ती उठेचना. त्या मुलीची आईच तिच्या पाठीला हात लावून तिला पुढे घेऊन गेली. ही तीच आई होती, प्रवेशाच्या दिवशी विश्वासाच्या बाईचं कौतुक करणारी. सुशीलानं अंगठ्यानं पोरीच्या कपाळावर क्रूस काढला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि सिस्टर लिडविनांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला.

उल्काचे कान तापले. ज्याला ती इतकी भ्यायली होती ते हे होतं. यात लाजण्यासारखं काही नव्हतं, लाजण्यासारखं जे काही होतं ते तिनं स्वतः घरून करून आणलं होतं.

"रोझलिन? हू टॉट यू?"

रोझलिननं आईकडे पाहिलं. "माय मम्मी टॉट मी," ती म्हणाली, तालमीत म्हटलं होतं त्याहून स्पष्ट.

सिस्टरांनी हातातली यादी पाहिली. "मम्मी?" त्या म्हणाल्या. "ओके. कम, मम्मी." उल्का उठली. अजूनही बोलता आलं असतं. तिनं पोरीच्या कपाळावर क्रूस काढला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी सोजरबाईंनी शिरा करून ठेवला होता. "झालं का गं समदं नीट?" त्यांनी विचारलं. रोझलिन आजीकडे न बघता शिरा खात राहिली. एरवी शाळेतलं बारीकसारीक सगळं सांगणारी पोर, पण त्या दिवशी तिला सांगण्यासारखं काहीच नव्हतं. पहिल्या पंधरवड्यात ती खूप गोष्टी शिकली होती. आजीसमोर गप्प बसायला तिला शाळेनं शिकवलं नव्हतं.

रविवारी तिघी चर्चला गेल्या. संपतची पाळी होती. पाऊस थांबलेला होता, पण पायऱ्या ओल्या होत्या. सोजरबाई कडेला चपला काढत होत्या आणि उल्का नेहमीच्या सवयीनं चार पावलं पुढे गेली होती, तेवढ्यात मागून आवाज आला.

"आजी! जय ख्रिस्त!"

सिस्टर लिडविना होत्या. सोजरबाईंनी हात जोडले.

"शुक्रवारी तुम्ही का नाही आलात? मी खुर्ची ठेवली होती तुमच्यासाठी. पहिल्या दिवशी रोझलिन सगळ्या वर्गाला सांगत होती, माझ्या आजीनं शिकवलं. तिनं मराठीत करून पण दाखवलं. मग शुक्रवारी म्हणते, मम्मीनं." सिस्टर हसून बोलत होत्या, पण डोळे उल्काकडे होते. "मला कळेना, खरं काय?"

उल्का वळून थांबली होती. आजूबाजूला लोक होते. वाचनाच्या गटातल्या दोघी तर अगदी शेजारी. बोलायचं होतं ते तिनं बोलायचं होतं.

"पोरीची गल्लत झाली, सिस्टर," सोजरबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच, ठणठणीत. "तिच्या आईनंच शिकवलं. मला म्हातारीला काय येतंय? मी आपली भाकरी-तुकडा बघते."

"तुम्ही नाही?"

"न्हाई. खोटं कशाला बोलू देवाच्या दारात?"

सिस्टरांनी मान हलवली आणि त्या आत गेल्या. रोझलिन आजीच्या तोंडाकडे बघत उभी होती. उल्का म्हणाली, "चला, उशीर होतोय."

मिस्सा सुरू झाली. आज शेजारून मराठी उत्तरं ऐकू येईनात. इतकी वर्षं उल्काला ती नकोशी व्हायची, आणि आज ती नव्हती तर बाकीच्यांची इंग्रजी उत्तरं तिला पोकळ वाटायला लागली. तिनं तिरक्या नजरेनं पाहिलं. सोजरबाई ओठ घट्ट मिटून समोर वेदीकडे बघत होत्या.

ख्रिस्तप्रसादाची वेळ झाली. बाकं एकामागून एक रिकामी होत लोक मधल्या वाटेत रांग लावू लागले. त्यांच्या बाकाची पाळी आली. सोजरबाई उठल्या नाहीत. गुडघे बाजूला घेऊन त्यांनी उल्काला वाट करून दिली.

"आई, चल ना."

"तू हो पुढं."

"गुडघा दुखतोय का?"

"न्हाई. तू जा."

तेव्हा उल्काला कळलं. गावाकडची जुनी शिस्त. मनाला टोचणारं काही असलं तर आधी फादरांपाशी कबुली द्यायची, मग प्रसाद. टायफॉइडच्या तापातसुद्धा तिच्या आईनं रविवारचा प्रसाद चुकवला नव्हता. आज ती चांगली धडधाकट असून बाकावर बसून राहिली होती.

उल्का तिथेच बसली असती तर बरं झालं असतं. पण मागच्या बाकावरचे लोक उभे राहिले होते, वाचनाच्या गटातली बाई तिच्यासाठी थांबून हसत होती, आणि दोघीही गेल्या नाहीत तर लोक विचारतील, काय झालं? म्हणून ती उठली. लोकांच्या नजरेसाठी म्हणून ती वेदीपर्यंत गेली, तळहात पुढे केले, आमेन म्हणाली. एक एक पाऊल टाकताना तिला कळत होतं की आपण काय करतोय, आणि तरीही पाय थांबले नाहीत.

ती परतली तेव्हा रोझलिन आजीच्या अंगाला रेलून काहीतरी विचारत होती आणि सोजरबाई तिच्या कानात उत्तर देत होत्या. उल्का आत शिरून गुडघे टेकणार, तोच पोरीनं मान वर केली.

"मम्मी," ती म्हणाली. आजीनं शिकवलेल्या सगळ्या गोष्टींसारखा आवाजही आजीचाच, हळू न होणारा. "आजी खोटं बोलली ना, म्हणून ती गेली नाही."

"श्श."

"मग तू कशी गेलीस?"

पुढच्या बाकावरच्या दोन माना किंचित हलल्या आणि मुद्दाम वळल्या नाहीत. पलीकडच्या रांगेत सिस्टर लिडविना डोळे मिटून बसल्या होत्या. उल्काच्या जिभेवर प्रसाद अजून विरघळायचा होता. ती तशीच अर्धवट वाकलेली उभी राहिली.

सोजरबाईंनी घाईघाईनं पोरीच्या तोंडावर हात ठेवला. मग उल्काचा पदर धरून तिला खाली ओढलं, आपल्या शेजारी, गुडघ्यांवर. त्यांचा चेहरा कसनुसा झाला होता, जणू चूक त्यांच्याच हातून झाली होती.

"उल्के, तुझं न्हाई सांगितलं मी तिला," त्या कुजबुजल्या. "देवाशप्पथ. माझ्यापुरतंच सांगितलं व्हतं."