अडीच फेरे

दहा वाजून पाच. बाबा आंघोळीला गेलेत. म्हणजे सात मिनिटं. आठ, डोक्यावरून घेतली तर.

नयनाने त्यांच्या कामाच्या पिशवीतून पक्कड काढली. परत ठेवली. परत काढली.

अकराला कॉलेजात निवड. युवक महोत्सवाला एकच गिटारवाली नेणार. तीन गाणी सलग, मध्ये सूर लावायला उसंत नाही. आणि ही गिटार सुरात राहते एका गाण्यापुरती.

तारा बाबांनी, गुरुनाथांनी, बसवलेल्या. बावीस वर्षं विजेच्या मोटारींचं वाइंडिंग केलेला माणूस. आधी कराड, मग बदली होऊन इथे उत्तरेत, इंडस्ट्रियल एरियात; नयना इथेच हिंदीत वाढली. प्रत्येक खुंटीवर बारा फेरे, एकाला एक चिकटून. बघत राहावं असे. "आता हलून दाखव म्हणावं," असं तारेला उद्देशून म्हणाले होते. तीन आठवडे ती हलतेच आहे. फेरे आवळत जातात, तार उतरते, नयना चढवते. गुपचूप, ते कामावरून यायच्या आत.

सांगायचं कसं.

नाहीच सांगायचं.

पहिली तार सोडली. टोक भोकातून घातलं, वळवून तारेच्याच खालून काढलं, वर दुमडलं. पहिला फेरा त्या टोकावर बसला की ते हलत नाही. अडीच फेरे, बास. जास्तीची तार कापली. दुसरी तार. टोक, भोक, खालून...

पाणी थांबलं होतं. कधी?

"काय चाललंय?" दारात गुरुनाथ, खांद्यावर टॉवेल.

"बाबा, स्लिप हो जाती है."

"माझं वाइंडिंग?"

तिने गिटार त्यांच्याकडे वळवली.

"किती फेरे घेतलेस?"

"ढाई."

"अडीच फेऱ्यांवर टेबलफॅनसुद्धा फिरत नाही, बाईसाहेब."

"इसको फिरना ही नहीं है."

तिने दुसरी तारही आवळली आणि मधोमध पकडून वर ओढली. तुटेल म्हणून त्यांनी मान वळवली. सूर उतरला. चढवला, ओढली, थोडाच उतरला. तिसऱ्यांदा जागचा हलला नाही. मग तिने त्यांची एक तार ओढली. चारदा. चारही वेळा उतरली.

दहा अठरा.

"उरलेल्या चार?" ते म्हणाले.

"टाइम नहीं है. मॅनेज कर लूंगी, रोज करती हूं."

बोलून गेली.

"रोज," गुरुनाथ म्हणाले. एवढंच. मग ओल्या अंगाने खाली बसले, गिटार मांडीवर घेतली आणि आपले बारा फेरे उलटे मोजत सोडू लागले.

"टोक वरून की खालून?"

"नीचे से."

"मराठीत सांग. हात मराठी आहेत."

"खालून, बाबा."

दहा एकेचाळीस. सायकल. नयना कॅरियरवर, गिटार मांडीत. ओढ, ऐक, चढव. घराचा सेक्टर मागे पडला. ओढ, ऐक. पाच तारा थांबल्या. सहावी, जाड, अजून केसभर उतरत होती आणि कॉलेजचं गेट समोर आलं.

"झालं?"

"एक बाकी आहे."

गुरुनाथांनी गेट सोडून दिलं आणि पुढच्या गोल चौकाला आणखी एक चक्कर मारायला सायकल वळवली. "ओढ," ते म्हणाले. यावेळी मान वळवली ती ऐकायला.