पुढच्या डाव्या चाकाचा टायर

मित्रांनो, टक्कल पडलेल्या टायरकडे बघून नाक मुरडू नका. ठाण्यात खोपटला उत्तमरावांच्या घरामागे मी भिंतीला टेकून उभा असतो. पोटात पाणी साचलं की महापालिकेची माणसं डासांवरून उत्तमरावांना दम देतात, मग ते मला आडवा करून पाणी ओतून टाकतात. एवढाच काय तो माझा व्यायाम. पण एके काळी मी शर्यतीच्या गाडीचा पुढचा डावा टायर होतो, आणि ते ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही.

कारखान्यात रबर तापवून, तारा घालून, साच्यात दाबून मला घडवलं. तिथलं आठवतं म्हणाल तर फक्त उकाडा. तिथून आलो तो उत्तमरावांच्या लेकीकडे, कल्पिताकडे. ती डोंबिवलीला रंगाच्या कंपनीत नोकरी करायची आणि रविवारी शर्यतीत गाडी पळवायची. गाडी जुनी, छोटी. मागच्या सीटा उपटून हलकी केलेली. रस्त्यावर न्यायच्या लायकीची उरली नव्हती, म्हणून टेम्पोत चढवून न्यायची. उत्तमराव एसटीतून निवृत्त झालेले मेकॅनिक. बाप-लेक दोघांचे हात सदा काळे.

कल्याणच्या बाहेर एका डांबरी मैदानावर शंकू मांडून वळणावळणाचा मार्ग आखत. एकेक गाडी सुटायची आणि घड्याळ चालू व्हायचं. तिथली बहुतेक वळणं उजवीकडची. गाडी उजवीकडे वळली की वजन येतं पुढे डावीकडे, म्हणजे माझ्या डोक्यावर. बाकीचे तिघे मजेत! बढाई मारत नाही, आहे ते सांगतो.

सुरुवातीला पोरीनं मला फार छळलं. सुसाट वळणात घुसायची, आत गेल्यावर घाबरून ब्रेक दाबायची, वर स्टिअरिंग पिळायची. अहो, मी एकतर गाडी थांबवीन नाहीतर वळवीन. दोन्ही एकदम पूर्ण जोरात मागितलंत तर मी सरळ घसरतच जाणार. उत्तमराव म्हणायचे, "माळशेजला आमचे ड्रायव्हर कसे जायचे? ब्रेक वळणाच्या आधी. वळणात नाही!" हळूहळू ती शिकली. बाहेरच्या कडेनं यायचं, गाडी सरळ असतानाच वेग उतरवायचा, आतल्या शंकूला जेमतेम चाटून जायचं आणि नाक सरळ व्हायला लागलं की मगच ॲक्सिलरेटर दाबत न्यायचा. आत शिरताना हळू वाटतं, पण बाहेर पडताना गाडी जोरात सुटते.

माझ्या हवेवरून दोघांची रोज जुंपायची. हवा जास्त झाली की माझा मधलाच पट्टा जमिनीला लागतो, कमी झाली की वळणात कड दुमडते. शेवटी गार असताना अठ्ठावीस पौंड ठरली. पळून तापलो की ती आपोआप वाढते. चाकंही वरून किंचित आत कललेली बसवली, म्हणजे वळणात मी पूर्ण टेकायचो. एकसष्ट सेकंदांवरून पोरगी साडेअठ्ठावन्नवर आली.

त्याच सुमारास मेघनाताई नावाच्या बाईंनी आपल्या टीमसाठी निवड ठेवली. तीन फेऱ्या, त्यातली एक जरी अठ्ठावन्नच्या आत बसली तरी पुढचं अख्खं वर्ष टीमची गाडी चालवायला मिळणार. कल्पिताला जगात दुसरं काही नको होतं. दिवस दसऱ्याचा.

आदल्या दिवशी खंडेनवमी. डेपोत त्या दिवशी गाड्या धुऊन, हार घालून, टायर काळेकुळकुळीत करायचे. उत्तमरावांचा हात कसा स्वस्थ बसेल? कल्पिता कामावर असताना त्यांनी गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, मला हळदकुंकू लावलं आणि आम्हा चौघांनाही टायर पॉलिश चोळलं. बाजूंना चोळलं असतं तर चाललं असतं. यांनी प्रेमाच्या भरात रस्त्याला टेकते त्या जागेवरही चोळलं! मी ओरडणार कसा?

पहिली फेरी. पहिलंच उजवं वळण. पोरीनं ब्रेक अगदी वेळेवर मारला, स्टिअरिंग बेतानं फिरवलं आणि मी साबणाच्या वडीसारखा सटकलो. तीन शंकू आडवे. ती फेरी तिथंच गेली.

उत्तमराव धावत आले, सगळ्यांदेखत कडाडले. "अगं, किती वेळा सांगितलं, आधी ब्रेक! डोकं कुठं ठेवून आलीस?"

"बाबा, आधीच मारला होता."

"खोटं नको बोलूस! हे तुझं कामच नाही."

पोरीचे डोळे भरून आले. मला असा संताप आला की काय सांगू! तेवढ्यात उत्तमरावांनी मला चाचपलं. हात गुळगुळीत सरकला, तळवा चकाकला. त्यांनी तो तळवा नाकाशी नेऊन हुंगला.

मग मोठ्यानं म्हणाले, "मेघनाताई, पोरीची काही चूक नाही. मीच टायरला पॉलिश मारलंय."

"काका, गेलेली फेरी परत नाही मिळायची. नियम सगळ्यांना सारखाच. दहा मिनिटं घ्या."

चहाच्या टपरीवरून उत्तमरावांनी काथ्या आणि भांड्यांची पावडर आणली. बाप-लेक आम्हाला घासत बसले. पुसायला फडकं नव्हतं, तर उत्तमरावांनी दसऱ्याचा नवा शर्ट काढला आणि बनियनवर राहिले.

"पूर्ण नाही निघणार हे," कल्पिता म्हणाली. "दुसरी फेरी मी टायर घासायलाच वापरते."

"मग एकच उरेल गं!"

"एक पुरे."

दुसऱ्या फेरीत तिनं गाडी डावी-उजवी झुलवत, ब्रेक मारत, मला डांबरावर खरवडून काढलं. "काय, रिक्षा शिकतेय का?" कुणीतरी खिदळलं. मला काय त्याचं! वरचा थर उडाला, मी तापलो, चांगला चिकट झालो.

तिसरी फेरी. आता तिनं माझ्यावर जेवढं टाकलं तेवढं मी पेललं, इंचभर सरकलो नाही. सत्तावन्न सेकंद आठ!

सगळे टाळ्या वाजवत होते. उत्तमराव मान खाली घालून उभे. "कल्पे, मी तुला सगळ्यांदेखत..."

"ओरडलात त्याचं काही नाही, बाबा," ती म्हणाली. "पण मलाही वाटलं होतं हो, की चुकलं माझंच."

तेव्हा मात्र ते हुंदके देऊन रडले.

आता ती टीमची गाडी चालवते. तिथं टायर नवे, ते ठीकच आहे. माझं मागणं फार नाही, मित्रांनो. हवा टायर गार असताना मोजा. आणि गाडी घसरली तर चालवणाऱ्यावर तोंड सोडायच्या आधी जरा खाली वाकून आमच्यावरून हात फिरवा. आम्हाला बोल लावलात तर आमचं काही जात नाही. पोरं मात्र तुमचं खरं मानून बसतात.