मला पाजलेली सिंगानी

मी एक जुनी जीप आहे, मित्रांनो. जुनी म्हटलं की लोक आधी गंजाकडेच बघतात, म्हणून तेवढं सांगून टाकते. हो, गंज आहे. दाराखाली चांगला तळहाताएवढा आहे. आमच्या गावाखाली मिठाचं पांढरं रान पसरलेलं आहे, आणि त्यातून पोती वाहायची म्हटल्यावर मीठ लोखंडाला लागणारच. पण माझं इंजिन एका हाकेत जागं होतं, चारही चाकं ओढतात आणि चढाला मी अजून कुणाला हार गेलेली नाही.

जन्म झाला सातासमुद्रापार. तिथल्या कारखान्यातून बोटीनं चिलीच्या बंदरात आले आणि तिथून घाट चढून बोलिव्हियाच्या या पठारावर. आधी एका खाणीत राबले. खाण बंद पडली तेव्हा लुसिओनं मला घेतलं. लुसिओ मनानं सोन्यासारखा, पण गाडी चालवताना क्लचवर पाय टेकवून बसायची त्याला खोड. माझी प्लेट नुसती झिजत राहायची. पुढे तो द्राक्षाच्या मळ्यांवर कामाला चिलीत गेला आणि किल्ली बायकोच्या हातात आली.

ती बासिलिया. दोन वेण्या, डोक्यावर गोल टोपी, आणि घेर असलेला घागरा सावरून माझ्यात चढायची एक खास पद्धत. सुरुवातीला गावानं तिला कमी चिडवलं नाही. बाजाराला चीज विकायला जाणारी तोमासा मावशी तर रोज म्हणायची, "पोरी, लामा हाकणं वेगळं आणि हे धूड हाकणं वेगळं!" पण बासिलियाचा पाय कामापुरताच क्लचवर पडायचा, लगेच बाजूला. बाजाराच्या आदल्या दिवशी ती माझं बॉनेट उघडायची. इंजिनाचं ऑईल, रेडिएटरचं पाणी, ब्रेकच्या ऑईलची वाटी, क्लचच्या ऑईलची वाटी, सगळं नीट बघायची. इतकं जपलं मला कुणीच नव्हतं.

मग आला कार्निव्हलचा मंगळवार. त्या दिवशी आमच्याकडे घराला, शेताला, अवजारांना आणि गाडीला फुलं वाहतात, रंगीत कागदी पट्ट्या गुंडाळतात आणि धरतीमातेच्या, म्हणजे पाचामामाच्या, नावानं दारू शिंपडतात. बासिलिया सकाळीच माझ्या क्लचच्या वाटीचं झाकण काढून ऑईल बघत होती. तेवढ्यात आतून सासूबाईंची हाक आली, "अगं, रस्सा उतू चाललाय!" ती तशीच पळाली.

आणि आले तिचे थोरले दीर, सेवेरो. काखेत सिंगानीची बाटली, द्राक्षाची कडक दारू, आणि आवाजात सणाचा उत्साह. त्यांनी चारही चाकांवर शिंपडलं, जमिनीवर शिंपडलं, माझ्या कपाळावर शिंपडलं. मग त्यांना उघडी वाटी दिसली.

"तहानलीस होय गं, माझे बाई?" असं म्हणून त्यांनी वाटी काठोकाठ भरली. वर झाकणही घट्ट लावलं. माणूस भारी व्यवस्थित! बासिलिया परत आली. तिला वाटलं, झाकण आपणच लावलं होतं.

मित्रांनो, मला त्या दिवशी तोंड असतं तर मी अख्खं गाव डोक्यावर घेतलं असतं.

क्लच दाबला की वाटीतलं ते ऑईलच नळीतून खाली जोर पोचवतं, तेव्हा कुठे गिअर बदलतो. आता त्या ऑईलमध्ये दारू मिसळली होती. पहिले काही दिवस भागलं. मग एका बाजाराच्या दिवशी, माणसं आणि चीजच्या टोपल्या भरून, आम्ही खिंड चढलो. चढानं माझं पोट तापलं आणि आतली दारू उकळून तिचे बुडबुडे झाले. उतार लागला. बासिलियानं खालचा गिअर टाकायला क्लच दाबला, तर पेडल चिखलात पाय रुतावा तसं तळाला गेलं. गिअर करकरला, बदलला नाही. ब्रेकवर तरी किती भार घालायचा? तेही तापून वास मारायला लागले.

"बासिलिया, काय चाललंय?" तोमासा मावशी ओरडली.

"मावशी, टोपली सोडा आणि गज धरा!"

तिनं मला डोंगराच्या बाजूला घेतलं, दगडांच्या ढिगाऱ्यात चाकं रुतवली आणि मी आचके देत बंद पडले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण बासिलियाचे हात स्टिअरिंगवरून सुटेनात.

मला दोर बांधून ओढत घरी आणलं, आणि झाला प्रकार ऐकून सेवेरोंनी ओरूरो शहरातल्या भंगारवाल्याला निरोप धाडला. ते दुष्ट नव्हते हो. घाबरले होते.

"उद्या तुला काही झालं तर मी भावाला काय तोंड दाखवू?" ते म्हणाले. "जाऊ दे ही जीप. कापून टाकू दे त्याला."

"भाऊजी, ही गेली की मी परत चुलीपाशी," बासिलिया म्हणाली. "मला ते नको. भंगारवाला यायच्या आधी एक सकाळ द्या. आणि पेडल दाबायला तुम्हीच या. हे एकट्याचं काम नाही."

ते कुरकुरत आले. क्लचचं जुनं ऑईल काढायला ती पाना, नळी आणि रिकामी बाटली घेऊन माझ्याखाली आडवी झाली. वर सेवेरो बसले.

"दाबा!"

"दाबला."

"धरून ठेवा! मी ऑईल सोडायचं तोंड बंद केल्याशिवाय पाय सोडायचा नाही."

"पायाला गोळा आला गं!"

"मिरवणुकीत दिवसभर नाचता तेव्हा नाही येत?"

नळीतून ऑईल आलं. नेहमीचं पिवळसर नाही, गढूळ, फेसाळलेलं. बासिलियानं बाटली नाकाशी नेली.

"भाऊजी, जरा खाली या."

ते उतरले, गुडघ्यावर बसले. तिनं बाटली पुढे केली. त्यांनी वास घेतला, पुन्हा घेतला. गावात हा वास त्यांच्याइतका कुणाला ओळखीचा होता?

"ही तर सिंगानी," ते म्हणाले.

"तेच म्हणते मी. ही प्यायला कोणी दिली हिला?"

सेवेरोंनी हळूच टोपी काढली. "मला वाटलं, तिला तहान लागलीय."

बासिलिया आधी हसली आणि मग हसता हसता रडायला लागली. माझ्याखाली, तेलात माखून. "अहो, मी रात्र रात्र जागले! मला वाटलं, माझंच चालवणं चुकलं, माझ्यामुळे माणसं मरणार होती!"

"नाही गं बाई. माझ्यामुळे," ते म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता त्यांचा.

मग कामाला जोर आला. तिनं वाटी पुसली, ऑईलचा नवा डबा फोडला. "वाटी रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर नळीत परत हवा शिरेल. आणि रंगावर सांडू नका, रंग खातं ते." सेवेरो वाटीवर असे डोळे लावून बसले, जणू चुलीवर दूध ठेवलंय. दाबा, धरा, सोडा. गढूळ संपलं, फेस संपला, स्वच्छ ऑईल आलं. मला श्वास मोकळा झाल्यासारखं वाटलं. आणि अचानक सेवेरो वरून ओरडले, "लागलं! पेडल पायाला कडक लागलं गं!"

ब्रेकचं ऑईल आणि गिअरबॉक्सही तिनं तपासलं. मग आम्ही त्याच खिंडीत गेलो. उतारावर सेवेरो डोळे मिटून, गज धरून बसले होते. बासिलियानं क्लच दाबला. गिअर खटकन् पडला. मी शहाण्या खेचरासारखी एकेक पाऊल टाकत उतरले.

खाली भंगारवाला ट्रक घेऊन उभा होता.

"हीच का ती?" त्यानं विचारलं.

"हीच," सेवेरो म्हणाले. "पण विकायची नाही."

"मग मला एवढ्या लांब कशाला बोलावलंत?"

"माझी चूक झाली. जीप बिघडलीय असं वाटलं होतं." त्यांनी बासिलियाकडे बघितलं. "बिघडवली होती मी. हिनं सुधारली. आता ही गाडी हिची, तुम्ही या."

तो माणूस बडबडत गेला. बासिलियानं किल्ली मुठीत इतकी घट्ट धरली होती, की तळव्यावर तिचा ठसा उमटला.

मित्रांनो, आम्हा यंत्रांना जीव लावा, फुलं वाहा, आम्हाला सगळं आवडतं. फक्त आमच्या पोटात काय घालायचं ते आधी विचारून घ्या. आणि एखादी जुनी गोष्ट दुखायला लागली, तर ती भंगारात धाडायच्या आधी कुणीतरी एकदा कपडे मळवून तिच्याखाली आडवं पडा आणि बघा, तिला नेमकं काय होतंय.