माझी आवाज

पहिली बाजू

मी एक जुनी तबकडी आहे. सात इंचांची, काळीभोर. मित्रांनो, माझ्यावर एक ओरखडा आहे, त्यामुळे मी मधूनच अडखळते — अडखळते — अडखळते. सांभाळून घ्या.

१९८१ साली एका कारखान्यात दोन साच्यांनी मला दाबलं आणि मी जन्मले. माझ्यासारख्या आम्ही पाचशे बहिणी. आमच्यावर इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या ‘पेपर बॉयलर’ या बँडचं पहिलंवहिलं गाणं होतं. गात होती एकोणीस वर्षांची मंजिरी कांबळे. गाणं इंग्रजी; धृपदात मात्र तिनं एक मराठी ओळ घातली होती: “ही माझी आवाज!”

हसलात ना? तिची आई विमलाबाई हसल्या नाहीत. त्या दर रविवारी बुद्धविहारात मुलांना मराठी शिकवत. बँडची मंडळी त्यांच्या स्वयंपाकघरात फतकल मारून आमची कागदी पाकिटं दुमडत होती, तेव्हा मी पहिल्यांदा वाजले.

“अगं, आवाज तो असतो! माझा आवाज!” विमलाबाईंनी कपाळाला हात लावला. “बाईंचीच मुलगी, आणि पाचशे ठिकाणी चूक!”

“मम, रेकॉर्ड प्रेस झाली. आता चेंज नाही होत.”

“मग शनिवारी हॉलमधल्या कार्यक्रमात तरी नीट म्हण. नाहीतर मी यायची नाही.”

“काय झालं?” ड्रमवाल्या कॉलिननं इंग्रजीत विचारलं.

“मी माझ्या आवाजाला मुलगी केलं.”

“मग? आहेच की!”

मंजिरी हसली नाही. आई आजवर तिच्या एकाही कार्यक्रमाला आली नव्हती.

दुसरी बाजू

सोमवारी आम्ही दुकानांत गेलो. बुधवारी रेडिओवर वाजलो. मग घराघरांतून, बंद दारांआडून, मराठीचा गंधही नसलेली पोरं माझ्याबरोबर ओरडू लागली. मी म्हणेन तसंच ती म्हणत. त्यांना दुसरं शिकवणार कोण?

शनिवारी दुपारी हॉल खच्चून भरला. मी मंचाजवळच्या विक्रीच्या टेबलावर होते. विमलाबाई आल्या, दाराशीच थांबल्या, अंगातला कोटही न काढता. मंजिरीनं त्यांना पाहिलं आणि जपून, शब्द तोलून गायली:

“हा माझा आवाज!”

मग तीनशे गळ्यांनी तिची चूक सुधारली: “माझी!”

“हा माझा —”

“माझी! माझी! माझी!”

जाकिटाला पिनाच पिना लावलेला एक तांबड्या केसांचा पोरगा विमलाबाईंच्या कानाशी वाकला आणि मायेनं म्हणाला, “इट्स माझी, लव्ह.”

विमलाबाई इतक्या हसल्या की चष्मा पुसावा लागला. मग त्यांनी कोट काढून त्याच्याच हातात दिला.

“बरं बाबांनो, माझी तर माझी!” आणि त्या सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडल्या. मंचावर मंजिरी ढसाढसा रडत गात होती.

दुसऱ्या दिवशी विहारातल्या फळ्यावर लिहिलेलं होतं: आवाज — तो. कॉव्हेंट्रीत — ती.

पुढे सीडी आल्या. माझ्या बहिणी माळ्यांवर गेल्या, काही कचऱ्यात. मला विमलाबाईंनी त्या शनिवारीच टेबलावरून उचलून घरी नेलं होतं; मी त्यांच्याकडेच राहिले. ओरखडा त्यांचाच, मित्रांनो. त्याच एका ओळीवर त्या पंधरा वर्षं पुन्हा पुन्हा सुई ठेवत आल्या.

म्हणून मला कडेनं धरा, धूळ मऊ फडक्यानं पुसा. पण सुई अडली तर घाईनं उचलू नका. तिथेच तर मी आहे: माझी — माझी — माझी —