सात नंबरचा चिमटा

हौसेला मोल नसतं म्हणतात. आमच्या घरात ते होतं, एकशेवीस पौंड, आणि ते बेरिलनं ठरवलं होतं.

बेरिल माझी बायको. मी चाळीस वर्षं बसडेपोत इंजिनं दुरुस्त केली. निवृत्त झाल्यावर आठ महिने तिच्या स्वयंपाकघरात बसून, ती चहा कसा चुकीचा करते हे तिला सांगितलं. नवव्या महिन्यात तिनं मला नाचाच्या वर्गात घालायचं काढलं. चर्चच्या हॉलमध्ये, दर मंगळवारी, संध्याकाळी सात वाजता, जोडीनं. मी नाचत नाही. लग्नात एकदाच नाचलो, तेव्हा बेरिलच्या अंगठ्याचं नख गेलं आणि मधुचंद्राचे सगळे फोटो तिनं घरातल्या सपातांमध्ये काढले.

म्हणून घाईघाईत मी म्हणालो, मंगळवारी मला वेळ नाही, मी रेडिओवर चालणारी पाणबुडी घेतोय. आमच्या खिडकीतून बागेतलं तळं दिसतं आणि तिथे दर रविवारी मॉडेल बोटींचा क्लब जमतो. बोट म्हणालो असतो तरी भागलं असतं. पण माणसाची जीभ एकदा सुटली की सुटली.

"एकशेवीस पौंड," बेरिल म्हणाली. "रेडिओ, बॅटऱ्या, सगळं धरून. आणि पहिल्या दिवशी मी बघायला येणार. खाली गेलेली वर आली, तर नाचाचं नाव काढणार नाही. नाही आली, तर मंगळवारी सात वाजता. बूट पुसून."

क्लबात पाणबुडीवाला एकच होता, सेड्रिक पिकप. हा पूर्वी दातांचा डॉक्टर होता आणि अजूनही समोरच्यानं तोंड उघडलं की आत बघत बोलायचा. त्याची पाणबुडी काळी कुळकुळीत, पाच फुटी, आमच्या गाडीपेक्षा महाग.

"एडगर, आठशेच्या खाली विचारच करू नकोस," तो म्हणाला. "स्वस्तातली पाणबुडी म्हणजे महागातला दगड."

त्याची टाकीत पाणी भरून घ्यायची, तळाला जाऊन बसायची आणि सांगितलं की पाणी टाकून वर यायची. या बसण्याचंच त्याला भारी कौतुक. दर रविवारी अकरा वाजता ती तळ्याच्या तळाशी बसवायची, रेडिओ बंद करायचा आणि टपरीवर चहा प्यायला जायचं. कुणी विचारलं तर म्हणायचं, "झोपली आहे." रेडिओ बंद झाला की पाणबुडीला आपोआप वर आणणारं एक यंत्र असतं, तेही त्यानं काढून टाकलं होतं. तिची झोपमोड होते म्हणे.

मला शहाणा सल्ला दिला मेव्हिसनं. क्लबाचा चहा आणि क्लबाचे चिमटे, दोन्ही तिच्या ताब्यात. चिमटे म्हणजे कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे, प्रत्येकावर नंबर, सगळे एका फळीवर ओळीनं. तुमच्या रेडिओचा जो नंबर, तो चिमटा फळीवरून घेऊन खिशाला लावायचा, मगच रेडिओ चालू करायचा. चिमटा फळीवर नसेल तर तो नंबर दुसऱ्या कुणाकडे आहे, गप बसायचं. नाहीतर एकाचं बटण दाबलं की दुसऱ्याची बोट वळते. काम झालं, रेडिओ बंद केला, की चिमटा परत. या फळीपायी मेव्हिसनं एकदा नगराध्यक्षालाही झापलं होतं.

"राजा, तू अशी घे, जी मुळात तरंगते," ती म्हणाली. "पळताना पंखांच्या जोरावर खाली जाते, मोटर थांबली की आपोआप वर. तुझ्यासारख्याला आपोआपच बरं. आणि रेडिओ जुना बघ. नव्या रेडिओचं बोलणं पाण्याखाली पोचत नाही."

पुढच्याच रविवारी क्लबातल्या जुन्या सामानाच्या टेबलावर तशीच एक होती. काळी, दोन फुटी, कुणीतरी हातानं केलेली, सात नंबरच्या जुन्या रेडिओसकट पंच्याण्णव पौंड. नाकाला पोचा होता. पदरी पडलं पवित्र झालं म्हणून उचलली. बॅटऱ्यांना चोवीस गेले. उरला एक पौंड, आणि तेव्हा मेव्हिस म्हणाली की झाकणाच्या रबरी कड्याला खास ग्रीस लावावं लागतं, नळी सहा पौंडांना.

मी पावाला लावायचं मार्गारीन लावलं. मी इंजिनवाला माणूस आहे, ग्रीस कशाला म्हणतात ते मला कळतं. बाथटबमध्ये दहा मिनिटं ठेवली, थेंब आत गेला नाही. बेरिलनं बघितलं, डबा फ्रिजमध्ये परत ठेवला आणि जाता जाता आपल्या नेलपॉलिशनं पाणबुडीच्या दुर्बिणीच्या नळीचं टोक लालभडक रंगवलं.

"तेवढंच पाण्यावर दिसणार ना?" ती म्हणाली. "तुला तेही दिसायचं नाही म्हणा."

खोटं नव्हतं ते. रेडिओची बटणं दिसायला मला जवळचा चष्मा लागतो, आणि तो घातला की तळं म्हणजे नुसतं धुकं.

रविवारी सव्वाअकराला आम्ही तळ्यावर पोचलो. बेरिल बाकावर विणकाम घेऊन बसली. मेव्हिसनं फळीकडे बघितलं. "सात मोकळा आहे, राजा," म्हणाली आणि चिमटा माझ्या खिशाला लावला. मी पाणबुडी सोडली, पुढे पळवली, खालचा खटका दाबला. काय सुरेख गेली खाली! बदकंसुद्धा बघत होती.

मग मी मोटर थांबवली आणि आपोआप वर यायची वाट बघितली. काही आलं नाही. वरचा खटका दाबला. काही नाही. मी वीस आकडे मोजले. मागे विणायच्या सुयांचा आवाज थांबला. मला हॉलची फरशी दिसायला लागली, बेरिलचा अंगठा दिसायला लागला.

आणि पार बदकांच्या बेटाजवळ पाण्यातून नळी वर आली.

एवढ्या लांब कशी गेली, हे विचारायच्या मनःस्थितीत मी नव्हतो. मी तिला डावीकडे वळवलं, वळली. उजवीकडे, वळली. खाली, वर, बेटाला वळसा, दोन हंसांच्या मधून. आयुष्यात कुठल्याही यंत्रानं माझं इतकं ऐकलं नव्हतं. वीस मिनिटं मी जगाचा राजा होतो. लोक जमले. बेरिल उभी राहून टाळ्या वाजवत होती, आणि माझ्यासाठी तिनं टाळ्या वाजवल्याचं मला आठवतच नव्हतं.

टपरीवरून सेड्रिक आला, हातात बेकनचं सँडविच.

"पंच्याण्णव पौंडांत हे?" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "काय वळण आहे! आठशे म्हणालो ते मी मागे घेतो. माझीला हे सात जन्मांत जमायचं नाही."

घाम पुसायला मी चष्मा काढला. धुकं गेलं, तळं स्वच्छ दिसलं, आणि नळीचं टोकही दिसलं. ते काळं होतं.

मी अलीकडे बघितलं. जिथे माझी खाली गेली होती, तिथून एक बुडबुडा आला. थोड्या वेळानं आणखी एक, आणि त्याच्यामागे पाण्यावर पिवळट तवंग. मार्गारीन.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सेड्रिकचा नंबरही सातच. सेड्रिकनं आपली तळाशी झोपवली, रेडिओ बंद केला आणि नियमाप्रमाणे सात नंबरचा चिमटा फळीवर लावून तो चहाला गेला. पठ्ठीचे कान मात्र उघडेच होते. आणि मी तिला उठवलं.

अजून वेळ होता. तिला गुपचूप बेटाजवळ परत झोपवायची, चिमटा फळीवर लावायचा आणि माझी नंतर कुणी नसताना गळानं काढायची. कुणाला कळलं नसतं. मंगळवार सुटला असता. मी बेरिलकडे बघितलं. ती अजून टाळ्या वाजवत होती, आणि मला एवढी लाज वाटली की मी पाणबुडी सरळ काठाकडे आणली. ती पूर्ण वर आली, पाच फूट, बाजूला पितळी पाटी.

"सेड्रिक," मी म्हणालो, "ही तुझी आहे. माझी बुडाली."

सेड्रिकचं चावणं थांबलं. आयुष्यात प्रथमच आम्हाला त्याच्या तोंडात काय आहे ते दिसलं.

"माझीला असं वळता येतं?" तो म्हणाला.

"झोपूनच असते, तर तुला कळणार कसं?" मेव्हिस म्हणाली. मग तिनं नियमांची वही दोनदा वाचली. झोपलेल्या पाणबुडीचा चिमटा कुणाकडे, हे त्यात कुठेच नव्हतं. माझी पाणबुडी आम्ही बागेच्या दाताळ्यानं ओढून काढली. आत पाणी, शेवाळ आणि एक गोगलगाय, खुशीत असलेली.

घरी जाताना मी बेरिलला म्हणालो, "टाळ्या उगाच गेल्या तुझ्या."

"का? ती तुझी नाही, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. माझं नेलपॉलिश ओळखायला डोळे आहेत मला."

"मग वाजवत कशाला होतीस?"

"पाणबुडी कोण बघत होतं? मी तुझे पाय बघत होते. ती डावीकडे गेली की तू डावीकडे, ती खाली गेली की तुझे गुडघे खाली. वीस मिनिटं, तालात. चाळीस वर्षं मी म्हणतेय, ह्याला येतं, हा करत नाही." तिनं विणकामाची पिशवी माझ्या हातात दिली. "आणि खरं सांगितलंस ते बरं केलंस. नाहीतर मी घरी आल्यावर विचारणारच होते. मंगळवारी सात वाजता."

मंगळवारी मी बूट पुसून गेलो. बाजा सुरू झाला तसा मी सवयीनं तिला ढकलायला लागलो. तिनं मला थांबवलं, पर्समधून काहीतरी काढलं आणि आपल्या स्वेटरला लावलं. मेव्हिसकडून मागून आणलेला सात नंबरचा चिमटा होता तो.

मी माझा रेडिओ बंद केला. ती डावीकडे वळली, मी डावीकडे गेलो, आणि त्या रात्री कुणाचंही नख गेलं नाही.