आबांचा ठोसा

आठ महिने मृणाली आबांना, म्हणजे वडिलांना, आपल्या व्हिडिओ गेमच्या पडद्यावर आणत होती. पिंप्राळ्याच्या घरात फरशीवर खडूच्या खुणा करायची, त्यांवर आबांना उभं करायची आणि म्हणायची, "आबा, परत एकदा उजवा!" वरणगावच्या कारखान्यात असताना बॉक्सिंग खेळलेले बन्सीलाल आबा गुडघे सांभाळत हवेला ठोसा लगावायचे. गेम अगदी जुन्या, पहिल्यावहिल्या गेमांसारखा: काळा पडदा, पांढऱ्या चौकोनांचे दोन बॉक्सर. त्यातले एक आबा. गेम झाल्यावर आबांनी पाहिला, "बरा शे" म्हणाले आणि पेपर उघडला.

मग हेमांगी वहिनी. धुळ्याची, लग्नाला जेमतेम चार महिने झालेले. भरताची वांगी मुसळीनं ठेचता ठेचता तिनं तो ओला, दबका 'धप्प' मोबाइलवर टिपला. "ताई, हा ठोशाला लावून बघा ना."

मृणालीनं लावला. आबा ताडकन उठले. "हाऊ मन्हा ठोसा शे! माझाच! वा, पोरी!"

पोरी म्हणजे वहिनी. विस्तवावर वांगं तडकावं तसं मृणालीच्या आत काही तडकलं. आपण आठ महिने झिजलो, आणि हिचं एका वांग्यात भागलं!

धुळ्याच्या कॉलेजात गेमचं प्रदर्शन होतं. त्या सकाळी मृणालीनं तो आवाज काढून टाकला, इंटरनेटवरचा तयार 'ढिशूं' बसवला. वहिनी माहेरची चार माणसं घेऊन नटून आली होती. पहिला ठोसा बसला, ढिशूं! पोरं खिदळली. वहिनीनं मृणालीकडे पाहिलं. "मशीन बिघडलं असेल," ती माहेरच्यांना म्हणाली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

आबा खेळायला बसले. तीन ठोसे मारून थांबले.

"मृणा, पाय मन्हेच शेत. ठोशाआधी मी डावी टाच उचलतो, हे तुझ्या आईलाही कधी दिसलं नाही. तू पकडलंस. पहिल्याच दिवशी पाहिलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

"डोळे लपवायचे होते, बेटा. पेपर उघडला." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "पण हात कोणाचा लावलास आज?"

मृणालीनं 'धप्प' परत बसवला. आबांचे खांदे सैल झाले, टाच उचलली गेली.

घरी आल्यावर गेमच्या पहिल्या पडद्यावर तिनं स्वतःच्या नावाखाली लिहिलं, 'आवाज: हेमांगी'. अक्षरं मात्र एक चौकोन लहान ठेवली.