शेय्लाच्या नावापुढची खूण

बोस्नियातल्या तुझ्लाहून झ्युरिकला जायला बसने जवळजवळ एक दिवस लागतो. आमच्या वास्तुकलेच्या वर्गातली बावीस मुलं आणि विल्दाना मॅडम, तीन दिवसांसाठी निघालो होतो. सगळ्यांनी प्रवासाचा विमा काढलाय की नाही, हे बघायचं काम माझ्याकडे होतं. शेय्लाने काढला नव्हता.

"तीन दिवसांत काय धाड भरणारे मला, अल्दिना?" ती म्हणाली. "टाक खूण. मॅडम कुठे तपासतायत?"

शेय्ला माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिची आई कपडे शिवून घर चालवते. विम्याऐवजी शेय्लाने तेवढ्या पैशांत बूट घेतले, हेही मला माहीत होतं. मी यादीत तिच्या नावापुढे खूण केली.

पोहोचलो त्याच संध्याकाळी तिचं पोट दुखायला लागलं. मांस भरलेला शिळा बुरेक बाधला असेल, असं आम्हाला वाटलं. तिथे बाहेर खाणं परवडणारं नव्हतं, सगळे घरून आणलेल्यावरच होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला सरळ उभं राहता येईना.

"मॅडम, तिला पाळी आलीये," मी सांगितलं. "मी थांबते तिच्यापाशी. तुम्ही इमारती बघून या."

आम्ही दोघी तळ्याकाठच्या बाकावर बसलो. समोर लोक पोहत होते, म्हाताऱ्या बायका उन्हात पुस्तकं वाचत होत्या. माझं जाकीट अंगावर घेऊनही शेय्ला कुडकुडत होती.

"डॉक्टरकडे जाऊ या गं."

"वेड लागलंय का? इथलं बिल आई जन्मभर फेडत बसेल. उद्या निघतोच आहोत. घरी गेल्यावर बघू."

मी ऐकलं. पण फक्त तिच्यासाठी ऐकलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. डॉक्टर म्हटलं की विम्याचा विषय निघणार, तो निघाला की यादी निघणार. आणि माझ्या शिष्यवृत्तीचं शिफारसपत्र विल्दाना मॅडम लिहिणार होत्या.

एकच्या सुमाराला ती ओकारी करायला तिसऱ्यांदा स्वच्छतागृहात गेली आणि तिथेच फरशीवर बसली. मी तिला उठवायला बघत होते, तेवढ्यात मागून आमच्याच भाषेत कुणी तरी बोललं.

"काय झालं गं हिला?"

फरशी पुसणारी बाई होती, साठीची. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, सबाहेता.

"काही नाही मावशी. पोट बिघडलंय."

ती गुडघ्यावर बसली आणि शेय्लाच्या पोटाला उजवीकडे हात लावला. शेय्ला किंचाळली.

"पोट बिघडलंय म्हणे! दगड झालाय पोटाचा. थांबा, बोलावते मी गाडी."

"नको मावशी," मी तिचा हात धरला. "तिचा विमा नाहीये."

"मग मेल्यावर काढणार आहेस का? सोड हात!"

अॅम्ब्युलन्स आली. सबाहेतामावशी बादली तशीच टाकून आमच्याबरोबर बसली. इस्पितळात तीच दुभाषी झाली. माझा फोन गेल्यावर मॅडमही धापा टाकत पोहोचल्या. डॉक्टरांनी विचारलं, दुखणं कधीपासून?

"सकाळपासून," मी म्हणाले.

सबाहेतामावशीने ते डॉक्टरांना सांगितलंच नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. "पोरी, त्यांना तिचं पोट कापायचंय. नीट सांग."

"काल संध्याकाळपासून."

"पाळी म्हणालीस ना मला?" मॅडमनी विचारलं.

मग मी खुणेचंही सांगून टाकलं. मॅडमनी पर्समधून यादी काढली, बघितली, पुन्हा घडी घातली. "तिच्या आईला फोन तू करायचास," एवढंच म्हणाल्या.

शेय्लाच्या आईने, मेव्लिदामावशीने, पहिल्याच रिंगला उचलला.

"जिवंत आहे ना?" माझं सगळं ऐकून तिने विचारलं.

"हो मावशी. ऑपरेशन चालू आहे."

मग म्हणाली, "निघताना बसपाशी मी तुला विचारलं होतं, शेय्लाचे सगळे कागद झालेत ना. तू हो म्हणालीस."

अपेंडिक्स आतल्या आत फुटलं होतं. आम्ही बसने परतलो, शेय्ला तिथे आणखी बारा दिवस राहिली. सबाहेतामावशी रोज काम आटोपून तिच्यासाठी सूप घेऊन जायची. बिल हप्त्यांत फेडायचं ठरलं. शिफारसपत्र मी मॅडमकडे मागितलंच नाही.

शेय्ला आता बरी आहे. वर्गात माझ्याशेजारीच बसते. "माझा जीव घेत होतीस की गं," असं चारचौघांत म्हणून हसवतेसुद्धा. मलाही हसावं लागतं.

गेल्या रविवारी मी तिच्या घरी गेले होते. मेव्लिदामावशीने दार उघडलं, अर्धंच.

"शेय्ला घरी नाही," ती म्हणाली.

उंबऱ्यापाशी शेय्लाचे ते नवे बूट होते. मावशीनेही माझी नजर बघितली, पण बाजूला झाली नाही.

"बरं मावशी," म्हणून मी जिना उतरले.